न वाजलेलं दार

"हळू ठेव. आत कोणीतरी आहे."

हे तिचं वाक्य. हॅचरीत नवं माणूस कामाला लागलं की पहिल्याच दिवशी त्याच्या कानावर ते पडायचं. अंड्यांचा ट्रे टेबलावर ठेवणाऱ्याला ती असं म्हणाली, तर त्यात नवल नव्हतं. अंड्यात खरंच कोणीतरी असतं. पण ती पाण्याची बादली ठेवणाऱ्यालाही तेच म्हणायची, जेवणाचा डबा ठेवणाऱ्यालाही. एकदा मालकांनी रागाच्या भरात चष्म्याचं घर टेबलावर आपटलं. ही मान वर न करता म्हणाली, "हळू ठेवा. आत कोणीतरी आहे." मालकांनी घर उघडून पाहिलं. रिकामं होतं. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. सगळी खोली हसली, शेवटी मालकही हसले. त्या दिवसापासून तिचं नाव हळूबाई पडलं, आणि मूळ नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं.

मी त्या हॅचरीच्या फाटकावर एकोणतीस वर्षं रखवालदार होतो. फाटकावरचा माणूस बघतो कमी, ऐकतो जास्त. हळूबाईची गोष्ट आमच्याकडे चार जण चार तऱ्हेनं सांगतात. मी सांगतो ती पाचवी. तिच्यात माझाही हात आहे, म्हणून ती मी सावकाश आणि न लपवता सांगणार आहे.

हॅचरी म्हणजे शेतांच्या कडेला उभी एक लांब पांढरी इमारत. आत जाताना औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे. पहिल्या खोलीत अंडी यायची. दुसऱ्या खोलीत माणसापेक्षा उंच, कपाटासारखी मशीनं. त्यांच्या पोटात ऊब आणि ओल. दर तासाला मशीनमधले सगळे ट्रे एकदम एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलायचे आणि 'खट्ट' असा आवाज व्हायचा. तिसऱ्या खोलीत एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर पडायची. आणि या सगळ्यांच्या मध्ये, बिनखिडकीची, भरदुपारी काळोखी अशी एक खोली होती. तिथं हळूबाई बसायची. समोर लाकडी पेटी, पेटीत दिवा, पेटीला एक भोक. त्या भोकावर अंडं धरलं की ते आतून पेटल्यासारखं लाल व्हायचं. सातव्या दिवसाच्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसायचा. ज्यात ठिपका नाही ते अंडं बाजूला. इतर बायका एका अंड्याला एक क्षण देत. ही दोन देत असे. वाटेत हादरा बसलेलं अंडं तिला कळायचं. त्यावर ती पेन्सिलीनं बारीक फुली मारायची आणि ते मशीनच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ठेवायला सांगायची. मशीन सांभाळणारे मामा तिला चिडवायचे, "बाई, तुमचा दवाखाना भरला."

"भरू दे. तुमच्या घरचं जातंय का काही?"

फुलीवाल्या अंड्यांतली बरीच मरायची. पण काहींतून पिल्लं निघायची, दिवसभर उशिरानं, ओली आणि किरकिरी. त्यांना ती दोन्ही तळहातांत धरून बसायची. ते बघताना मला वाटायचं, ही बाई इथं बसून दुसऱ्याच कुठल्यातरी अंड्याचा हिशेब चुकता करते आहे.

ते अंडं म्हणजे तिची लेक.

हळूबाईचा नवरा विजेच्या खांबांवर चढायचा. तिला सहावा महिना होता. एका दुपारी चौघांनी येऊन दारावर मुठी मारल्या, आणि दार उघडायच्या आतच बाहेरून ओरडले, "अगं चल, तुझा माणूस गेला!" हातातलं दुधाचं पातेलं तिनं कुठं ठेवलं ते तिला आजही आठवत नाही. पुढचे तीन महिने तर त्याहून वाईट. सासऱ्यांनी खोली सोडायला लावली. भावाकडे गेली, तिथं भावजयीला नको होती. मग एका लांबच्या मावशीकडे, मग भाड्याच्या एका कोंदट खोलीत. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी येऊन दार ठोकायचं, आणि प्रत्येक वेळी एकच, की निघ इथून. "मूठ पडली की पोटातलं मूल दगडासारखं घट्ट व्हायचं, दादा," ती मला एकदा फाटकाशी म्हणाली होती. "मी हात ठेवायची तर हाताला दगड लागायचा."

लेक तीन आठवडे आधीच आली. इवलीशी. आवाज झाला की सगळीच तान्ही मुलं हात फेकतात. पण हिचे फेकलेले हात परत यायचे नाहीत. झाकण पडलं की ती रडायची, आणि रडता रडता श्वास अडकून ओठ निळे व्हायचे. तीन वर्षांची होईपर्यंत ती सलग दोन तास झोपली नाही, आणि तिची आईही.

मग हळूबाईनं घरातून आवाजच काढून टाकला. कडीला चिंध्या गुंडाळल्या. भांडी लाकडाची आणली. हॅचरीतले अंड्यांचे जुने कागदी ट्रे आणून चारही भिंतींना लावले. खिळ्यांनी नाही, खळीनं. ठोकायला गेली असती तर आवाज झाला असता. त्या खोलीत माणूस बोलला की शब्द तोंडातून निघून तिथंच खाली पडल्यासारखा वाटायचा. दार वाजवायला गल्लीत सगळ्यांना बंदी. आम्ही नखानं दार खरवडायचो. शेजारची शिंपीण म्हणायची, "हिच्याकडे साखर मागायला जायचं म्हणजे आधी मांजर व्हावं लागतं."

पण शाळेला कागदी ट्रे कोण लावणार? पहिल्या तासाची घंटा झाली की लेक बाकाखाली. पोरं मुद्दाम पाट्या आपटायची. बाई तिला बाहेर काढायला गेल्या की ती त्यांच्या हाताला चावायची, आणि मग स्वतःच दिवसभर हुंदके द्यायची. चौदाव्या वर्षी तिनं तीन दिवस अन्न सोडलं, तेव्हा हळूबाई तिला मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हा मनाचा डॉक्टर होता. त्यानं बराच वेळ सगळं विचारलं आणि मग म्हणाला, "हिच्या वेळी पोटुशी असताना तुम्हाला फार ताण होता का?"

परत आली ती फाटकाशीच खाली बसली. "मीच केलं, दादा. माझ्या भीतीनं तिला आतून हादरा बसला. डॉक्टरच म्हणाले."

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"आणखी काय राहिलं म्हणायला?"

हे वाक्य लक्षात ठेवा. डॉक्टर आणखीही काही म्हणाले होते. पण ते हळूबाईच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

लेकीनं पुढं शाळा सोडली आणि वह्या बांधणाऱ्याकडे काम धरलं. पानं जुळवायची, सुई-दोऱ्यानं शिवायची. शांत काम. तिथं एका उन्हाळ्यात भिंती रंगवायला एक रंगारी आला. उंच, हडकुळा, शीळ घालणारा, बोलायला लागला की रस्त्याच्या त्या टोकाला ऐकू जाणारा. पहिल्याच दिवशी त्याची शिडी घसरली आणि ही टेबलाखाली गेली. लोक हसले. रंगारी हसला नाही. तोही टेबलाखाली वाकला आणि म्हणाला, "इथं जागा आहे का आणखी एकाला? मलाही त्या शिडीची भीती वाटते."

दुसऱ्या दिवसापासून शिडी सरकवण्याआधी तो ओरडायचा, "ताई, आवाज येणार आहे. तीन मोजा." ती मोजायची. एक, दोन, तीन, आणि धाड. पहिल्या आठवड्यात ती कान घट्ट दाबून मोजायची. दुसऱ्या आठवड्यात नुसती डोळे मिटून. भिंती संपल्या तेव्हा ती त्याला म्हणाली, "आज नुसतीच सरकव. मोजून कंटाळा आला." ताईचं पुढं काय झालं ते सांगायला नको. वर्षभरात लग्न झालं.

दोन गल्ल्या सोडून त्यांनी खोली घेतली. दार त्यानं स्वतः निळं रंगवलं. कामावरून आला की तो ते दार वाजवायचा. आधी एका बोटानं, काही महिन्यांनी सांध्यांनी, मग मुठीनं, आणि बाहेरून म्हणायचा, "दारात चोर आलाय. घाबरायला या."

आतून आवाज यायचा, "आज वेळ नाही. उद्या या."

मी हे कितीतरी वेळा माझ्या कानांनी ऐकलं आहे. हळूबाईनंही ऐकलं होतं, पण तिला त्यात फक्त मूठ ऐकू यायची. "एक दिवस हा माणूस तिला मारून टाकेल," ती मला म्हणायची. लेक हसते, जेवते, बाजारात एकटी जाते, हे तिला दिसत होतं. पण तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता. तिला अजूनही लेकीच्या कपाळावर आपण मारलेली पेन्सिलीची फुली दिसत होती.

लेकीला दिवस गेले. पाचवा महिना लागला तेव्हा रंगाऱ्याला लांबच्या शहरात पाण्याच्या एका उंच टाकीचं काम मिळालं. दोन महिन्यांचं. त्यानं लेकीला आईकडे सोडलं. निघताना त्या कागदी भिंतींच्या खोलीत त्यानं टाळी वाजवून बघितली. काही ऐकू आलं नाही. "आई," तो हळूबाईला म्हणाला, "इथं माणूस शिंकला तरी त्याचं त्यालाच कळणार नाही." हळूबाईनं ओठावर बोट ठेवलं.

घंटीचा आवाज नको म्हणून हळूबाईच्या घरी फोन नव्हता; जावयाचे निरोप फाटकावरच यायचे. तो गेल्यावर महिन्याभरानं, एका सकाळी फाटकावरचा फोन वाजला. त्याच्याबरोबरचा दुसरा रंगारी बोलत होता. टाकीवरची दोरी सुटली, हा खाली पडला, दवाखान्यात आहे, पाठ आणि आतलं बरंच काही मोडलं आहे. शुद्धीवर आहे. बायकोला विचारतो आहे.

मी हळूबाईला बोलावलं. तिनं फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं, आणि फोन खाली ठेवला. इतका हळू, की ठेवला हे मलाही कळलं नाही.

"हे तिला कळता कामा नये," ती म्हणाली.

"बाई, तो तिचा नवरा आहे."

"तिला सहावा महिना आहे, दादा." एवढंच म्हणाली. मग माझा हात धरला. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याच काय, कोणाच्याही हाताला कधी हात लावला नव्हता. "सहावाच. मला पण सहावाच होता. एक जीव मी वाया घालवला. हा दुसरा घालवू देऊ नका."

मी होय म्हणालो. ही माझी त्या गोष्टीतली पहिली चूक.

लेकीला सांगितलं, जावईबापूंचा फोन रंगाच्या बादलीत पडला, निळा झाला, आता दुरुस्त व्हायला वेळ लागेल. ती पोट धरून हसली. "त्याचंच काम," म्हणाली. हळूबाईनं गल्लीत घरोघर जाऊन सगळ्यांची तोंडं बंद केली. शिंपीण, दूधवाला, वह्या बांधणारा. लेकीला गाडीचा धक्का नको म्हणून बाहेर जाणं बंद. खिडकीला जाड कापड. जेवण ठरल्या वेळी, ऊब ठरलेली, उजेड ठरलेला. एका मशीनमधून अंडं काढून दुसऱ्या मशीनमध्ये ठेवावं, तसं तिनं लेकीला ठेवलं.

दवाखान्यातून रोज फोन यायचा. रोज मी हळूबाईला बोलवायचो. रोज ती म्हणायची, "ती झोपली आहे." पाचव्या दिवशी तो स्वतः बोलला. मी शेजारीच उभा होतो. त्याचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, तरी फोनच्या बाहेर येत होता. "आई, तिला आणा. नाहीतर दोन मिनिटं बोलू तरी द्या. तिला एवढंच सांगा, तीन मोज म्हणावं. तिला कळेल."

हळूबाईनं डोळे मिटले. "बरा हो," म्हणाली. "बरा होऊन ये, मग तूच सांग." आणि फोन ठेवला.

ही गोष्ट मशीनमामांना कळली. ते तोंडाळ, पण मनानं सरळ. अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "बाई, अठरा दिवस आपण ही अंडी तासातासाला कलती करतो. का करतो?"

"हे मला विचारता? आतलं पिल्लू कवचाला चिकटू नये म्हणून."

"आणि नाही केली तर?"

तिनं पुढचं अंडं दिव्यावर धरलं.

"चिकटून मरतं. वरून अंडं चांगलं गुळगुळीत. एवढी वर्षं तुम्हीच ती वेचून टाकताय."

"हलवणं वेगळं, मामा. हादरा वेगळा."

"मग हलवा तरी. थोडंथोडं सांगा तिला. नाहीतर तुमच्या हातून ते अंडं न फिरवताच जाईल."

हळूबाई त्या संध्याकाळी घरी जाताना फाटकाशी थांबली. "दादा, थोडंथोडं कसं सांगतात हो?" तिनं खरंच विचारलं. तिला आयुष्यात एकच तऱ्हा माहीत होती. दारावर मूठ, नाहीतर काहीच नाही. मी म्हणालो, "आधी सांगा, त्याला बरं नाही." तिनं घरी जाऊन सांगितलं, त्याला जरा ताप आहे. लेकीचा चेहरा उतरला, हात पोटावर गेला, आणि तो हात बघताच ही लगेच म्हणाली, "पण उतरला म्हणे. आज जेवलासुद्धा." तेवढंच. पुन्हा तिची हिंमत झाली नाही.

अकराव्या दिवशी तो गेला. त्याच्याबरोबरच्या माणसांनी तिथंच सगळं उरकलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मी फाटकाशी डबा उघडला होता. लेक रस्त्यानं एकटी चालत येताना दिसली. एक हात कमरेवर. फाटकाशी थांबली, दम घेतला.

"काका, गल्लीत सगळ्यांनी आवाज का बंद केलाय?"

मी डब्यात बघत राहिलो.

"मी खिडकीचं कापड बाजूला केलं तर शिंपीणमावशी शिवता शिवता थांबली. दूधवाला पायऱ्या चढताना चपला हातात घेतो. मला ही शांतता ओळखीची आहे. पोटातून ओळखीची आहे. मी सगळ्या आवाजांना घाबरले, पण सगळ्यात जास्त त्याच्या आधीच्या शांततेला घाबरले. तुम्ही तरी सांगा."

"आईला विचार," मी म्हणालो. ही माझी दुसरी चूक.

ती आत गेली. औषधाच्या पाण्यात पाय न बुडवता गेली. मी मागोमाग. अंधाऱ्या खोलीत हळूबाई एक अंडं दिव्यावर धरून बसली होती. त्याच्या उजेडात तिच्या बोटांच्या कडा लाल दिसत होत्या.

"पिलू! इथं पायरी आहे, हळू..."

"आई, तो गेला ना?"

"तू बस आधी. तुझ्या पोटात..."

"माझ्या पोटात काय आहे ते मला माहीत आहे. तो गेला ना?"

हळूबाईनं अंडं दिव्यावरून खाली घेतलं. मग म्हणाली, "परवा."

"आणि पडला कधी?"

हळूबाईनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणालो, "तेरा दिवस झाले."

लेकीनं मनात वजाबाकी केली. ती वजाबाकी तिच्या चेहऱ्यावर दिसली. "अकरा दिवस. अकरा दिवस तो जिवंत होता, आणि मी इथं त्याच्या निळ्या फोनवर हसत होते."

"बाळासाठी केलं गं. माझ्यासारखं तुझं होऊ नये म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, आईच्या ताणानं..."

"मी पण होते तिथं. चौदा वर्षांची होते, बहिरी नव्हते. ते पुढं काय म्हणाले?"

हळूबाईनं अंडं छातीशी धरलं.

"ते म्हणाले, पोटातल्या त्रासानं मूल हळवं होऊ शकतं. पण सगळं तिथंच ठरत नाही. पुढं धीर देणारं माणूस मिळालं, थोडी थोडी सवय मिळाली, तर तेच मूल उभं राहतं. तू हे ऐकलंच नाहीस. तू अर्ध्यातच रडायला लागलीस. मी वाट बघत बसले, की आई आता भिंतीवरचे ट्रे काढेल." तिचा श्वास लागला होता. "मला ते माणूस मिळालं होतं, आई. तुझ्या दारावर मुठी मारून का होईना, लोकांनी तुला सांगितलं. तू धावत गेलीस, त्याचं तोंड बघितलंस. मला तेवढंही नाही?"

तेव्हा मी ते सांगितलं. आता आणखी लपवणं मला झेपलं नाही. "पोरी, तो म्हणाला होता, तीन मोज म्हणावं तिला."

ती भिंतीला टेकली. मग अगदी साध्या आवाजात, पाढे म्हणावेत तशी, म्हणाली, "एक. दोन. तीन."

त्याच वेळी शेजारच्या खोलीत तास भरला आणि सगळे ट्रे एकदम कलले. खट्ट.

लेक दचकली नाही. हळूबाईच्या हातातलं अंडं मात्र सुटलं. एवढ्या वर्षांत तिच्या हातून फुटलेलं ते पहिलं अंडं. फरशीवर शिरांचं जाळं पसरलं, आणि मधला ठिपका थोडा वेळ हलत राहिला.

लेक वळली आणि निघून गेली. कागदी भिंतींच्या खोलीत ती परत गेलीच नाही. स्वतःच्या निळ्या दाराच्या खोलीत गेली. पुढचे तीन महिने तिचे कसे गेले ते शिंपीण सांगते: रडायची तेव्हा मोठ्यानं रडायची, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, आणि रडून झालं की जेवायची. शिंपीण रात्री तिच्याजवळ झोपायची. दिवस भरले आणि मुलगा झाला. आईला निरोप पाठवला नाही.

हळूबाई कामावर येत राहिली. पण आता ती एका अंड्याला दोनाऐवजी चार क्षण द्यायला लागली, आणि तरी तिच्याकडून चुका व्हायच्या. ठिपका असलेली अंडी ती बाजूला टाकायची. मामा गुपचूप परत ठेवायचे. तिचं ते वाक्य त्यानंतर कोणी ऐकलं नाही.

मूल तीन महिन्यांचं झालं तेव्हा ती मला म्हणाली, "दादा, माझ्याबरोबर चला." तिनं जुन्या मऊ कापडांची अंगडी शिवली होती, त्यांचं गाठोडं छातीशी धरलं होतं. उन्हं उतरायला लागली होती. मी गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा राहिलो, ती पुढं गेली.

निळ्या दारावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, रंग उडून लाकूड दिसत होतं. मुठीएवढी जागा. हळूबाई त्या जागेकडे बघत उभी राहिली. मग तिनं दार नखानं खरवडलं.

"कोण?" आतून लेक.

"मी."

मग पावलं दारापर्यंत आली. "दार वाजव. मग उघडते."

"आत बाळ आहे गं."

"बाळ आहे म्हणूनच वाजव. त्याला कळू दे, दार वाजतं म्हणून. आणि उघडतं म्हणून."

"झोपलं असेल."

"जागा आहे. माझ्या खांद्यावर आहे. वाजव, आई."

लेकीच्या आवाजात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. विनवणी होती. दाराच्या पलीकडे ती इतकी जवळ उभी होती की मध्ये एक फळी, बस्स.

हळूबाईनं गाठोडं डाव्या हाताखाली घेतलं. उजवा हात वर केला. मूठ वळली. तिला मूठ वळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. अंगठा तिनं आत घेतला, लहान मुलं घेतात तसा. हात त्या उडालेल्या रंगापाशी नेला. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन. मूठ तिथंच. मी पुन्हा मोजलं. तिला दाराच्या पलीकडे कोण दिसत होतं कोण जाणे. बहुतेक सहावा महिना असलेली, दुधाचं पातेलं हातात धरलेली एक बाई.

तिनं मूठ उघडली. खाली वाकली. गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. इतकं हळू ठेवलं, आत कोणीतरी असल्यासारखं. आणि वळली.

माझ्या शेजारून गेली तेव्हा मी म्हणालो, "बाई, एकदा वाजवा की. एकदाच." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याच्या कडेनं, भिंतीला धरून, पावलांचा आवाज न करता चालत राहिली.

मागे दार उघडलं. लेक उंबऱ्यावर आली, खांद्यावर बाळ. तिनं गाठोडं पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. हाक मारेल असं मला वाटलं. तिचे ओठ उघडले होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक मालट्रक वळला आणि ड्रायव्हरनं जोरात हॉर्न दिला. बाळ दचकलं. दोन्ही हात फेकले, ओठ काढले, तोंड लाल झालं. लेकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. फेकलेले हात परत आले. बाळानं मान फिरवून गाडी कुठं गेली ते बघितलं, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

हे मी पाहिलं, आणि लेकीनं पाहिलं. हळूबाई तोवर हॉर्नला घाबरून भिंतीशी अंग चोरून उभी राहिली होती. गाडी गेल्यावर ती पुन्हा चालायला लागली, आणि वळणाशी दिसेनाशी होईपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.